लंडनचा सोमवार, अंबाजोगाईच्या घड्याळात

क्यूशीट, म्हणजे रेडिओवर कुठल्या वेळी काय लागणार त्याचा केंद्रावरचा कागद, हातात आली की मी आधी वेळा बघायचे, कार्यक्रमांची नावं मागाहून. सहा-पाच, सहा-दहा, सहा-तीस, सहा-पंचेचाळीस. कुठल्या दोन वेळांच्या मधे किती मिनिटं उरतात, तिथं भावगीत बसेल की नुसती बासरीची धून लावावी लागेल, एवढं कळलं की निम्मं ओझं उतरायचं. बावीस वर्षं मी मराठवाड्यातल्या एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषिका होते. महिन्याला सहा ड्यूट्या. कधी सकाळची सभा, कधी संध्याकाळची. आता अंबाजोगाईत असते. सांगायचं कारण एवढंच, की 'बीबीसी जीनोम' ही सेवा मी बघितली ती क्यूशीट वाचणाऱ्या डोळ्यांनी. इतिहासाच्या अभ्यासकाला तिथं आणखी वेगळं काही दिसेल.

सेवा काय आहे ते आधी सांगते. 'रेडिओ टाइम्स' हे तेव्हा बीबीसीचं साप्ताहिक. त्यात पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम छापून यायचे. 1923 ते 2009 पर्यंतच्या अंकांतल्या या याद्या बीबीसीनं संगणकावर चढवल्या आणि 2014 च्या ऑक्टोबरात सगळ्यांना खुल्या केल्या. 40 लाखांहून जास्त नोंदी आहेत. वर्ष, महिना, तारीख निवडायची, वाहिनी निवडायची, की त्या दिवशीची यादी सकाळपासून रात्रीपर्यंत समोर येते. नाव टाकूनही शोधता येतं. पैसे लागत नाहीत. आता त्या पानावर 'प्रोग्रॅम इंडेक्स' असं नाव दिसतं, पण माझ्या भाच्यानं मला 'जीनोम' म्हणूनच दाखवलं आणि माझ्या तोंडात तेच बसलं.

'रेडिओ टाइम्स' निघाला त्याची गोष्ट मला फार आवडते. वर्तमानपत्रवाल्यांनी बीबीसीला सांगितलं, तुमचे कार्यक्रम छापायचे तर जाहिरातीसारखे पैसे मोजा. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी ठरवलं, मग आपणच छापू. 28 सप्टेंबर 1923 ला पहिला अंक निघाला. आज मला अंबाजोगाईत बसून सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची क्यूशीट वाचता येते, ती त्या भांडणामुळे.

बरेच दिवस मी नुसती चाळत होते. इकडची तारीख, तिकडची तारीख. त्यानं काही हाती लागत नाही. रेडिओचा दिवस हा सलग असतो. त्यातला एक कार्यक्रम उचलून बघणं म्हणजे जेवणाच्या ताटातली नुसती चटणी चाखण्यासारखं आहे. म्हणून ठरवलं, एक अख्खा दिवस घ्यायचा आणि तो त्याच्या वेळेवर जगायचा. तारीख निवडली 1 जानेवारी 1951. सोमवार. 2024 सालची 1 जानेवारीसुद्धा सोमवारीच आली, म्हणून वही घेऊन बसायला तोच दिवस धरला. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं असतं. म्हणजे तिथले सकाळचे नऊ ते इथले दुपारचे अडीच. वहीत दोन रकाने आखले. डावीकडं लंडन, उजवीकडं अंबाजोगाई.

तेव्हा बीबीसीच्या तीन वाहिन्या होत्या. 'होम सर्व्हिस' म्हणजे बातम्या, नाटकं, भाषणं, प्रार्थना. 'लाइट प्रोग्रॅम' 1945 च्या जुलैत सुरू झालेला, गाणी आणि करमणुकीचा. आणि 1946 च्या सप्टेंबरातला 'थर्ड प्रोग्रॅम', फक्त संध्याकाळी लागणारा, भारी संगीताचा आणि विचारवंतांचा. टेलिव्हिजन होता, पण लंडनच्या आणि बर्मिंगहॅमच्या आसपासच. बाकी देशाचा दिवस रेडिओवरच उगवायचा आणि मावळायचा. इंग्लंडात त्या काळी 1 जानेवारीला सुट्टीही नसायची, त्यामुळे हा अगदी कामाचा साधा सोमवार होता. मला तसाच हवा होता.

आपल्याकडं त्या दिवशी काय होतं? मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य भारतात आलं, त्याला सव्वादोन वर्षं झालेली. औरंगाबादचं निजामाच्या वेळचं रेडिओ केंद्र नुकतंच, 1950 च्या एप्रिलात, ऑल इंडिया रेडिओकडं आलेलं. माझे अण्णा तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांच्या गावात एकच रेडिओ, देशमुखांच्या वाड्यात, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून तालुक्याला भरायला न्यायची. निजामानं शरण आल्याचं रेडिओवर सांगितलं, त्याची बातमी गावात त्या वाड्यातूनच फुटली. अण्णा सांगायचे, बहुतेक ऐकणाऱ्यांना भाषण कळलं नाही, पण ज्यांना कळलं त्यांचे चेहरे बघून बाकीचे ओरडायला लागले.

तर अडीच वाजता वही घेऊन बसले.

नऊच्या बातम्या झाल्या की लाइट प्रोग्रॅमवर 'हाउसवाइव्हज चॉइस'. 1946 पासूनचा हा फर्माईशीचा कार्यक्रम. बायकांनी पोस्टकार्ड पाठवायचं, निवेदकानं नाव वाचून गाणं लावायचं. निवेदक एक-दोन आठवड्यांनी बदलायचा. यातलं मला समजावून सांगावं असं काहीच नव्हतं. 'आपली आवड' मी कितीतरी वर्षं केलं. पंधरा पैशांच्या कार्डावर एका गावची बावीस नावं, शेवटी 'आणि सर्व मित्रमंडळी'. एक नाव गळलं तर पुढच्या आठवड्यात त्याचं वेगळं कार्ड यायचं. पण वेळ बघा. सकाळी नऊ. नवरा कामावर गेला, पोरं शाळेत गेली, बेसिन खरकट्या भांड्यांनी भरलंय आणि घरात पहिल्यांदा शांतता आहे. त्या शांततेत कुणीतरी तिचं नाव घेतो. ही वेळ ज्यानं ठरवली त्यानं आपल्या घरातली बाई नीट बघितली असणार.

दिवसभरात मला हेच पुनःपुन्हा दिसत राहिलं, आणि या सेवेचं खरं मोल मला त्यात वाटतं. यादी वाचली की ऐकणारा दिसतो. त्याचे हात कधी कामात आहेत, कधी मोकळे आहेत, घरात कोण आहे, कोण नाही.

साडेदहा वाजता, आपल्या चारला, 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय. 23 जून 1940 ला, ऐन युद्धात हा सुरू झाला, कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, वाद्यवृंदाचं सलग संगीत. पण त्याचे नियम वाचा. लय ढिली पडता कामा नये, म्हणून झोप आणणाऱ्या संथ चाली नकोत. यंत्रांच्या आवाजात विरून जाईल असं नाजूक काही नको. चाल ठळक, ओळखीची हवी. ढोलाचा एकदम दणका नको, कारण शेडमध्ये तो गोळी सुटल्यासारखा वाटतो. टेक्सासवरचं एक गाणं तर बंदच केलं, कारण त्यात मधे टाळ्या होत्या आणि कामगार हातातली अवजारं बाकावर आपटून त्या टाळ्या द्यायचे. युद्ध संपलं, कार्यक्रम राहिला, 1967 पर्यंत.

त्याची सुरावट एरिक कोट्स यांची. ती इंटरनेटवर मिळाली, मी चार वाजता लावली. बाहेर ओट्यावर शेजारच्या काकू आणि त्यांची सून तुरीचे सोले काढत बसल्या होत्या. दोन मोठ्या पाट्या शेंगा. काकूंनी मान वर करून विचारलं, "काय लावलंय ताई, बँडबाजा?" मी म्हटलं, सायबाच्या कारखान्यातलं गाणं आहे, काम करताना ऐकायचं. त्यांनी काही म्हटलं नाही. पण मी बोटं बघत होते. शेंगेचं टोक मोडायचं, अंगठा घालून उभी चिरायची, दाणे पाटीत. दोन मिनिटांत दोघींची बोटं त्या सुरावटीच्या लयीला लागली. त्यांना ते कळलंही नाही. 1940 साली कुणीतरी हे हिशेबानं ओळखलं होतं, आणि आमच्या ओट्यावर ते तसंच्या तसं चाललं.

जात्यावर बसल्यावर ओवी सुचते म्हणतात. कापूस वेचणाऱ्या बायकांचं, मोट हाकणाऱ्याचं गाणंही कामाच्या लयीतूनच आलेलं. आमच्या केंद्रावर आम्ही लोकगीतं लावायचो, पण ती 'लोकसंगीत' या सदराखाली, ठरावीक वेळी, आठवड्यातून दोनदा. काम चालू असताना कामाचं गाणं लावायचं, हे आम्हाला सुचलं नाही याची मला खंत आहे.

अकराला 'मिसेस डेल्स डायरी'. डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी, 1948 पासूनची, रोजची मालिका. दुपारी लागायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आमच्या आईच्या पिढीनं मुंबई केंद्रावरचं 'पुन्हा प्रपंच' ऐकलंय. टेकाडे भावजी घरातलेच वाटायचे. तोच जिव्हाळा. पुढं जाते.

कारण पावणेबाराला ते होतं ज्यासाठी मी हा दिवस धरला. लाइट प्रोग्रॅमवर 'द आर्चर्स'. सगळ्या देशभर पहिल्यांदा, त्याच दिवशी. आपल्या सव्वापाचला.

यादीत तो नव्या मालिकेसारखाच दिसतो. काही वेगळी चौकट नाही, मोठं अक्षर नाही. ओळ वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ती मालिका आजही चालू आहे. जगातली सगळ्यात जास्त काळ चाललेली नाट्यमालिका, आणि ती शेतकऱ्यांसाठी निघालेली. 1948 साली बर्मिंगहॅमला शेतीच्या कार्यक्रमांबद्दल बैठक भरली होती. शेतकरी, अधिकारी, रेडिओवाले. त्यात लिंकनशरचा एक शेतकरी उठून म्हणाला, आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. डिक बार्टन हा तेव्हाचा रेडिओवरचा हेर, रोज संध्याकाळी पावणेसातला पोरं-थोरं त्याच्यासाठी श्वास रोखून बसायची. बीबीसीचे गॉडफ्रे बेझली यांनी ते बोलणं मनावर घेतलं. डिक बार्टन लिहिणारे जेफ्री वेब आणि एडवर्ड मेसन हेच लेखक घेतले. 1950 च्या मे महिन्यात फक्त मिडलँड्स भागापुरते पाच भाग करून बघितले, आणि मग हा सोमवार.

तेव्हा त्यांच्याकडं अजून रेशन होतं. मांसाचं रेशन 1954 च्या जुलैत संपलं. युद्ध जिंकलेला देश, पण घरात साखर मोजून. देशात पिकवणं वाढवायचं तर लहान शेतकऱ्यापर्यंत नवी माहिती पोचायला हवी, आणि तो सरकारी भाषण ऐकत नाही. म्हणून अँब्रिज नावाचं एक गाव रचलं. डॅन आर्चर, त्याची बायको डॉरिस, तीन मुलं, ब्रुकफील्डचं शेत. शेजारी वॉल्टर गेब्रिएल, अघळपघळ, कामात कच्चा. डॅनचं बघून शिकायचं, वॉल्टरचं बघून काय करू नये ते कळायचं. कृषी मंत्रालयाचं म्हणणं गोष्टीत विरघळवून सांगायचं, पंधरा मिनिटांत.

मी शेतीचा कार्यक्रम सात वर्षं केला. एक काका, एक पुतण्या, त्यांचा संवाद. काका म्हणून केंद्रावरचा एक अनुभवी माणूस, पुतण्याच्या जागी मी 'सूनबाई'. संहिता कृषी अधिकाऱ्यांकडून यायची. "हेक्टरी अमुक मिली, दहा लिटर पाण्यात मिसळून." काका विचारायचे, "आणि सूनबाई, फवारणी कधी करावी?" आणि मी एका दमात सगळं सांगायचे. पत्रं यायची. गेवराईकडच्या एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, 'बाई, औषधाचं नाव हळू सांगत जा, आन् तुमचे काका कधी आजारी पडतेत का नाही?' मी ते पत्र जपून ठेवलंय. तेव्हा मला वाटलं तो गंमत करतोय. आर्चर्सबद्दल वाचल्यावर कळलं, त्यानं मला नेमकं सांगितलं होतं की काकांना माणूस करा. त्यांचं पीक बुडू द्या, त्यांची पोरीच्या लग्नाची काळजी कळू द्या, मग मी औषधाचं नावही लक्षात ठेवीन.

आपल्याकडं प्रयत्न झाला नव्हता असं नाही. 1956 साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली होती. लोक एकत्र ऐकायचे, चर्चा करायचे, प्रश्न परत केंद्राकडं पाठवायचे. तो प्रयोग जगभर नावाजला गेला. पण ती गावं तेव्हाच्या मुंबई राज्यातली होती. आपण त्यात नव्हतो.

आर्चर्सची ताकद किती, तर 22 सप्टेंबर 1955 ला, ज्या रात्री त्यांच्याकडं पहिला व्यापारी टेलिव्हिजन सुरू झाला, त्याच रात्री मालिकेतली ग्रेस आर्चर आगीत मेली आणि दुसऱ्या दिवशी देश टेलिव्हिजन सोडून तिच्याबद्दलच बोलत होता. जीनोमवर ती तारीखही काढून बघा. यादीतल्या ओळीवरून काहीच कळत नाही. रोजच्यासारखा एक भाग.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली. सव्वासातला, म्हणजे तिथल्या पावणेदोनला, 'लिसन विथ मदर'. 1950 च्या जानेवारीत सुरू झालेला, शाळेत न जाणाऱ्या लेकरांसाठी पंधरा मिनिटं. गाणं, गोष्ट, गाणं. "नीट बसलात ना? मग सुरू करते," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि फोरे या फ्रेंच संगीतकाराची पियानोची अंगाईसारखी धून. माझी नात चार वर्षांची. तिला मांडीवर घेतलं, धून लावली, आणि त्यांच्या वाक्यानं सुरुवात करून आमची चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. शेणाचं घर वाहून जाईपर्यंत ती जागी होती.

आता यादीत पुढची ओळ बघा. दोन वाजता 'विमेन्स अवर'. 1946 च्या ऑक्टोबरातला, बायकांसाठी एक तास. (पहिला निवेदक मात्र पुरुष होता, ॲलन आयव्हिमी.) पावणेदोनला लेकराला मांडीवर घेऊन गोष्ट, दोनला लेकरू झोपलेलं आणि आई मोकळी. ही दोन नावं वेगवेगळी वाचली तर त्यात काही नाही. एकाखाली एक वाचली की त्या पंधरा मिनिटांत आईचा पदर सोडणारं लेकरू दिसतं. आमच्याकडं 'वनिता मंडळ' लागायचं दुपारी, तेव्हा शहरातल्या बायकांच्या हाताला जरा उसंत असायची. आमच्या खेड्यातल्या बाया त्या वेळी रानात असायच्या. हे मी एकदा बैठकीत बोलले होते. वेळ वरून ठरलेली होती, ती तशीच राहिली.

रात्री साडेदहाला, तिथल्या पाचला, होम सर्व्हिसवर मुलांचा तास. सव्वाबाराला डिक बार्टन, तीन महिन्यांनी संपायचा होता तो. 1951 च्या मार्चअखेर त्याला बंद केलं आणि त्याच्या पावणेसातच्या जागेवर आर्चर्स आले. शेतकऱ्यानं मागितला होता शेतीतला डिक बार्टन, आणि तीन वर्षांत शेतीनं खऱ्या डिक बार्टनची जागा घेतली. वहीत ही ओळ लिहून मी झोपले.

थर्ड प्रोग्रॅमबद्दल थोडं. तिथं बातम्यांच्या ठरलेल्या वेळेपायी कार्यक्रम कापायचा नाही असं धोरण होतं. वादन लांबलं तर लांबू द्यायचं, दोन कार्यक्रमांच्या मधे शांतता राहिली तरी चालेल. आमच्या लॉगबुकात तीस सेकंदांची शांतता गेली तर लेखी खुलासा द्यावा लागायचा. त्यामुळे त्या शांततेचा मला हेवा वाटला.

आता उणी बाजू, कारण कुणी माझं ऐकून उघडणार असेल तर आधी माहीत असलेलं बरं.

इथं बहुतेक नोंदींना आवाज नाही. ही यादी आहे, ध्वनिमुद्रण नाही. त्या काळातलं बरंचसं जपलंच गेलं नाही. टेप महाग, एकीवरच पुसून दुसरं घ्यायचं, हे जगभर चाललं, आपल्याकडंही. सुरावटी, काही जुने तुकडे इतरत्र शोधावे लागतात. छापील पानं यंत्रानं वाचून घेतलेली असल्यानं अक्षरांच्या चुका आहेत. बीबीसीनं हे स्वतःच सांगितलंय आणि वाचकांना दुरुस्त्या सुचवायची सोय दिली आहे. वेळा वाचताना जरा सावध राहायचं. सगळं इंग्रजीत आहे, पण कार्यक्रमांची नावं, वेळा आणि दोन ओळींची माहिती एवढंच असल्यानं दहावीच्या इंग्रजीवर निभावतं. मोबाइलवर चालतं, आणि नुसती अक्षरं असल्यानं आमच्याकडं रेंज एका काडीवर असली तरी उघडतं.

दुसरं, 'रेडिओ टाइम्स' हा ब्रिटनमधल्या ऐकणाऱ्यांसाठी होता. बीबीसी बाहेरच्या देशांसाठी जे बोलायची ते यात शोधून सापडत नाही. आणि बीबीसी मराठीतही बोलायची! 1942 मध्ये मराठी प्रसारण सुरू झालं, मधला थोडा खंड सोडला तर 1958 पर्यंत चाललं. युद्धाच्या काळात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल तिथं पूर्वेकडच्या विभागात नोकरीला होते. ते इंग्रजीत बातमीपत्र लिहायचे आणि त्याचं मराठी वेणू चितळे माइकवर वाचायच्या. कोल्हापूरकडची बाई, बॉम्ब पडत असलेल्या लंडनमधून मराठीत बोलत होती. मला त्यांच्या एका दिवसाची क्यूशीट बघायला मिळाली तर मी उपास सोडीन. आपल्याकडं 'द इंडियन लिसनर' नावाचं ऑल इंडिया रेडिओचं इंग्रजी पाक्षिक होतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. पण तारीख टाकली आणि त्या दिवशीचं औरंगाबाद केंद्र समोर आलं, अशी सोय मराठीसाठी व्हायला पाहिजे. ज्यांच्या ट्रंकेत जुन्या क्यूशीट आहेत अशी माझ्या ओळखीचीच चार माणसं आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही यादी काय होणार होतं ते सांगते, काय झालं ते नाही. अंक आठवडाभर आधी छापलेला असायचा. 6 फेब्रुवारी 1952 उघडा. नेहमीची गाणी, नेहमीच्या मालिका. प्रत्यक्षात त्या सकाळी राजा सहावा जॉर्ज गेला, सव्वाअकराला रेडिओवर सांगितलं, आणि बातम्या व जहाजांसाठीचं हवामान सोडून बाकी सगळं बंद झालं. यादीला त्याचा पत्ता नाही.

हे वाचताना मला 30 सप्टेंबर 1993 आठवला. आदल्या दिवशी गणपती गेलेले. माझी सकाळची ड्यूटी. पहाटे चारच्या आत जमीन हलली, आम्ही सगळे रस्त्यावर आलो, भांडी पडलेली तशीच टाकून मी केंद्रावर गेले. डेस्कवर क्यूशीट होती. सहा-पाच, भक्तिसंगीत. सहा-तीस, आरोग्यविषयक भाषण. ड्यूटी ऑफिसरच्या हातात फोन होता आणि त्यांना बोलता येत नव्हतं. उजाडेपर्यंत किल्लारी, सास्तूर ही नावं आली. मी भक्तिसंगीत काढून ठेवलं. नंतर दिवसभर काय काय वाचलं ते माझ्या हस्ताक्षरात त्या क्यूशीटच्या मागं आहे: कुठं रक्त पाहिजे, कुठला रस्ता बंद, कुठं तंबू. ती क्यूशीट मी घरी आणली. पुढची बाजू टाइप केलेली, मागची पेन्सिलीची. उद्या कुणी आमच्या केंद्राचं जीनोम केलं तर मला मागची बाजूही द्यायची आहे. बीबीसीनं चुका दुरुस्त करायची सोय वाचकांना दिली तशी प्रत्यक्ष काय लागलं ते लिहायची सोय दिली तर ही सेवा माझ्यासाठी पूर्ण होईल. पाचपैकी साडेचार गुण देते. तो अर्धा त्यासाठी ठेवलाय.

पहाटे पाचला गजर लावला होता. लाइट प्रोग्रॅम रात्री बारापर्यंत असायचा. तिथले बारा, आपले साडेपाच. 1500 मीटरच्या लाँग वेव्हवर ड्रॉइटविचच्या मोठ्या ट्रान्समीटरवरून तो देशभर जायचा, आणि त्याच लहरीवर समुद्रातल्या लोकांसाठी हवामान. डॉगर, फोर्टीज, टेम्स, डोव्हर, एकेका समुद्रपट्ट्याचं नाव घेऊन वारा किती, दिशा कोणती. ज्याची बोट त्या पट्ट्यात आहे तो आपल्या नावाची वाट बघत कान लावून बसायचा. "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी" हे शब्द मी किती वेळा वाचले असतील! जूनमध्ये ते वाचताना माझा आवाज आपोआप हळू व्हायचा, कारण ऐकणाऱ्याची तिफण दारात उभी आहे हे मला माहीत असायचं.

साडेपाचला वहीतल्या डाव्या रकान्यात शेवटची वेळ लिहिली. बाहेर थंडी होती, योगेश्वरीच्या देवळातली घंटा झाली. बावीस वर्षं याच वेळेला केंद्राची गाडी माझ्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायची. पाच-पन्नासला स्टुडिओचं जड दार ओढायचं, हेडफोन लावायचे, पाणी प्यायचं. पाच-पंचावन्नला आकाशवाणीची ती धून. मग मी.